गोळ्यांची सुस्ती, की झोपेत अडकणारा श्वास?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मालकांना तीन वर्षांपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. आजार आटोक्यात आहे, पण माणूस दिवसभर पेंगतो. "गोळ्यांनीच होतंय, बंद कराव्या म्हणते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, रात्री घोरतात का? "घोरणं कसलं, शेजारी जागे होतात! मधेच आवाज बंद पडतो. मी उठून बघते, श्वास चालू आहे ना. मग गुदमरल्यासारखं करून परत सुरू."

हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. घोरण्याचं काय सांगायचं, असं वाटलं.

सांगायचं ते हेच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका दबतो की हवेची वाटच बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि मेंदू त्याला दचकवून जागं करतो. जास्त त्रास असेल तर हे तासाला तीस-तीस वेळा घडतं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ज्याला होतं त्याला सकाळी काहीच आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला.

आता मानसिक आजार असेल तर घोळ असा होतो, की थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, कशात मन न लागणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. मग सगळं आजाराच्या नाहीतर गोळ्यांच्या खात्यावर जमा होतं. ओलान्झापिन, क्लोझापिन अशा काही औषधांनी वजन वाढतं, मानेभोवती चरबी साठते. काही झोपेच्या गोळ्यांनी आणि दारूने घसा आणखी सैल पडतो. म्हणून "झोप नीट लागत नाही" म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून देऊ नका.

टोरांटोच्या डॉक्टरांनी 2008 साली आठ प्रश्नांची एक सोपी तपासणी मांडली. ऑपरेशनआधी विचारायला केली होती, आता इतर ठिकाणीही वापरतात. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, बीपी, वजन खूपच जास्त, वय पन्नाशीच्या पुढे, मान जाड, आणि पुरुष असणं. तीन किंवा जास्त उत्तरं "हो" आली तर डॉक्टरांना सांगायचं. मानेचं माप 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त का ते बघतात, म्हणजे साधारण पावणेसोळा इंच. गटात शिवणकाम करणारी ताई असतेच, तिची टेप चालते. बीपी उपकेंद्रात मोजून घ्या. मात्र गोळ्या घेणारा जवळजवळ प्रत्येक जण "थकवा आहे" म्हणेल, त्यामुळे त्या एका उत्तरावर जाऊ नका. श्वास थांबताना तुम्ही पाहिलंय, ही गोष्ट मोठी.

आणि आपलं काय? बाईचं घोरणं पुष्कळदा मोठं नसतं. झोप वारंवार मोडणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर अंगात त्राण नसणं, एवढंच दिसतं. पाळी गेल्यावर धोका वाढतो. पण बाई रात्री कशी झोपते हे बघायला घरात जागं कोण असतं? मुलीला, सुनेला सांगून ठेवा.

या प्रश्नांनी नुसता संशय कळतो. नक्की निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनेच होतं. ती जवळ कुठे होते, हे जिल्हा रुग्णालयात विचारा. उपचार आहेत: वजन कमी करणं, दारू सोडणं, काहींना कुशीवर झोपूनही फरक पडतो. त्रास जास्त असेल तर रात्री तोंडा-नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन देतात. मशीन स्वस्त नाही आणि त्याची सवय व्हायलाही वेळ लागतो.

मानसिक आजाराच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. एकदम थांबवल्या तर आजार उलटतो. बदल करायचा तो डॉक्टरांनीच. तोवर काही विचारायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे.

त्या ताई पुढच्या तारखेला मालकांबरोबर स्वतः दवाखान्यात जाणार आहेत. मालकांना विचारून त्यांच्या झोपेचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यांनी मोबाईलमध्ये करून ठेवलंय.