बोगद्यातला पत्ता आणि पेटंटची परीक्षा

साताऱ्याहून पुण्याकडे निघालेली मोटार खंबाटकीच्या बोगद्यात शिरली, की मोबाईलमधील नकाशाचा उपग्रहांशी असलेला संबंध तुटतो. सांगली-तासगाव भागातील बेदाण्याच्या शीतगृहांतही असेच होते. जाड भिंती आणि पेट्यांच्या उंच थप्प्या भेदून उपग्रहाचे क्षीण संकेत आत पोहोचत नाहीत. अशा जागी माणूस, वाहन किंवा माल नेमका कोठे आहे, हे वाय-फाय अथवा मोबाईलच्या बिनतारी लहरींवरून ओळखण्याच्या पद्धतींवर जगभर संशोधन सुरू असून, त्यात ‘मशिन लर्निंग’चा वापर वाढला आहे. त्याबरोबर पेटंटचे अर्जही वाढले. अशा अर्जाची छाननी करताना परीक्षक नेमके काय पाहतो, हे मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही पुरेसे ठाऊक नसते.

आधी पद्धत समजून घेऊ. बिनतारी लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापते. म्हणजे वेळ मोजण्यात असल्या दहा भागांची चूक झाली, तरी स्थान तीन मीटरने चुकते. त्यातच भिंती आणि लोखंडी मांडण्यांवर आपटून लहर वळसा घेत पोहोचली, तर अंतर खऱ्यापेक्षा जास्त भासते. यावर एक जुना उपाय आहे. इमारतीत जागोजागी संकेतांची तीव्रता आधीच नोंदवून ठेवायची आणि नंतर आलेला संकेत त्या नोंदींशी ताडून पाहायचा; जणू प्रत्येक जागेचा बोटाचा ठसाच. ‘मायक्रोसॉफ्ट’चे संशोधक परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ या नावाने ही पद्धत २००० मध्येच मांडली होती. ताडून पाहण्याचे हे काम आता न्यूरल नेटवर्ककडे सोपवले जाते. मोबाईलची जागतिक मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’नेही आपल्या अठराव्या आवृत्तीत स्थाननिश्चितीसाठी मशिन लर्निंगचा अभ्यास केला.

इथेच पहिली अडचण येते. पेटंटसाठी नावीन्य लागते आणि ते गावापुरते किंवा देशापुरते असून चालत नाही. सांगलीकरांना हा मुद्दा हळदीमुळे चटकन कळावा. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे करून हे ज्ञान आधीपासूनचे असल्याचे दाखवले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी या नियमाने आपले रक्षण केले. आता आपल्या अर्जांनाही तोच लागू होतो. परीक्षक जुनी पेटंटे, शोधनिबंध, इतकेच नव्हे तर ‘थ्रीजीपीपी’च्या बैठकांत सादर झालेले खुले प्रस्तावही काढून पाहू शकतो.

दुसरी अडचण भारतीय कायद्याच्या कलम ३ (के) ची. गणितीय पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम यांना त्यानुसार पेटंट मिळत नाही. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आले. २००४ च्या अध्यादेशाने ते सैल करण्याचा प्रयत्न झाला, पण २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. सारा वाद त्या ‘निव्वळ’ शब्दाभोवती फिरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले, की संशोधनाने ‘तांत्रिक परिणाम’ साधला असेल, तर केवळ त्यात प्रोग्रॅम आहे म्हणून पेटंट नाकारता येणार नाही. पेटंट कार्यालयाच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अर्जांचाही विचार केलेला आहे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, सांगलीतील एका विद्यार्थ्याने असा दावा लिहिला: ‘वाय-फायच्या संकेतांचे आकडे न्यूरल नेटवर्कला देऊन स्थान काढण्याची पद्धत.’ हा दावा टिकणे कठीण. एक तर तो गणिताजवळ जातो. दुसरे म्हणजे जुन्या पद्धतीत केवळ नवे गणित बसवणे ही या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणारी गोष्ट ठरते. आता दुसरा दावा पाहा. शीतगृहाचे दार उघडले किंवा थप्प्या हलल्या, की लहरींची परावर्तने बदलतात आणि आधीच्या नोंदी निरुपयोगी होतात. हा बदल यंत्रणा स्वतः ओळखते, भिंतीवरील ठरावीक ग्राहकांना पुन्हा मोजणी करायला लावते, बिघडलेले मोजमाप वगळते आणि स्थानातील चूक घटते. येथे गणित भौतिक समस्येच्या कामाला जुंपलेले आहे आणि परिणामही मोजता येतो. पेटंट मिळेलच असे नाही, पण चर्चा योग्य मुद्द्यावर होते. अर्थात, नुसते ‘अचूकता वाढते’ असे लिहून भागत नाही. कलम १० प्रमाणे पद्धतीचे पूर्ण वर्णन द्यावे लागते. नेटवर्कला कोणती माहिती दिली, ते कसे शिकवले, हे झाकून ठेवले तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

महाविद्यालयांतील एका सवयीचाही येथे उल्लेख करायला हवा. अर्ज केल्यानंतर साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. त्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. तरीही ‘पेटंट प्रसिद्ध’ झाल्याचे फलक झळकतात आणि वाचणाऱ्याला पेटंट मिळाल्यासारखे वाटते. याहून नुकसानीची सवय म्हणजे आधी शोधनिबंध छापायचा आणि मग अर्जाचा विचार करायचा. अशा वेळी स्वतःचाच निबंध नावीन्याच्या आड येतो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती मर्यादित असल्याने तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये शुल्क आहे. मोठ्या कंपन्यांना हेच ८,००० आणि २०,००० रुपये पडते. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते आणि २०२४ च्या नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे. त्यानंतर आक्षेपांचा पहिला अहवाल येतो. त्यातील आक्षेप दूर करून अर्ज मार्गी लावण्यासाठी सहा महिने मिळतात आणि विनंती केल्यास आणखी तीन. या मुदतीत उत्तर गेले नाही, तर अर्जदाराने अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.