मांसोत्पादक गुरांतील संकरण : वाढ आणि मांसाची प्रत

संकरणाने गुरांचे सर्वच गुण सुधारतात, असा समज पशुसंवर्धनविषयक लेखनातून पुष्कळदा व्यक्त होतो. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात दीर्घकाळ झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष पाहता हा समज अर्धाच खरा ठरतो.

दोन भिन्न जातींच्या संयोगातून जन्मलेली संतती आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस ठरते, तेव्हा त्या वाढीव अंशाला 'संकरज ओज' म्हणतात. ज्या गुणाची आनुवंशिकता कमी, त्यात हे ओज अधिक दिसते. प्रजननक्षमता आणि वासरांचे जगणे हे असे गुण होत. हेरफर्ड, अँगस व शॉर्टहॉर्न या तीन ब्रिटिश जातींच्या प्रयोगांत माता आणि वासरू दोन्ही संकरित असताना, दर गायीमागे दूध तोडतेवेळी मिळणारे वासरांचे वजन सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. लक्षणीय बाब अशी, की या वाढीतील निम्म्याहून अधिक वाटा संकरित मातेचा होता. वासराच्या स्वतःच्या वाढीवरील परिणाम त्यामानाने मध्यमच असतो.

मांसाच्या प्रतीचे गणित मात्र निराळे आहे. मांसांतर्गत मेद व मऊपणा या गुणांत संकरज ओज अत्यल्प असते. तेथे प्रभाव पडतो तो निवडलेल्या जातीचा. अँगसच्या संततीत मांसांतर्गत मेद अधिक, तर शारोले व लिमूझँ यांच्या संततीत मेद कमी आणि निव्वळ मांस जास्त मिळते. शारोलेसारख्या थोराड वळूमुळे वासरे जन्मतःच वजनदार होतात व गायीला विताना त्रास होण्याची शक्यता वाढते, हेही विसरता येत नाही.

ब्राह्मण जातीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली परिसराला परिचित असलेली कृष्णा व्हॅली या भारतीय गुरांपासून ती अमेरिकेत विकसित झाली. उष्णता व गोचिडांना तोंड देण्याच्या तिच्या क्षमतेमुळे दक्षिणेकडील राज्यांत तिचा संकर लाभदायक ठरला. युरोपीय गुरांशी तिचे जनुकीय अंतर मोठे असल्याने ओजही भरपूर मिळते. तथापि संततीत या रक्ताचा अंश जसजसा वाढतो, तसतसे मांस चिवट होत जाते. कत्तलीनंतर कॅल्पेन हे विकर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन करून मांस मऊ करते; वशिंडाच्या गुरांत त्याला रोखणारे कॅल्पास्टॅटिन अधिक सक्रिय असते. १९४० मध्ये मान्यता पावलेल्या टेक्ससमधील सांता गर्ट्रुडिस या जातीत ब्राह्मण रक्ताचे प्रमाण तीन-अष्टमांश ठेवलेले आहे.

पहिल्या पिढीतील संकरित गुरांचाच आपसांत संयोग घडविल्यास ओज निम्म्यावर येते. चार जातींच्या समान मिश्रणातून सिद्ध केलेल्या संमिश्र जातीत ते सुमारे तीन-चतुर्थांश टिकते. लहान कळपाच्या मालकाला दरवर्षी निरनिराळे वळू सांभाळणे परवडत नाही. त्याच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य म्हणावा लागेल.