बॉक्स्टरच्या तोंडाला जाळी

पोर्शेची पहिली बॉक्स्टर अमेरिकेत १९९७चे मॉडेल म्हणून विकायला आली. इंजिन मधोमध, पण रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. हवेची तोंडे बरीच मोकळी असल्याने पानगळीत पाने आत शिरतात, मधल्या फटीत ओल धरून कुजतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या पोखरतात. म्हणून हौशी मालक धातूची जाळी बसवतात. चिरा पाडून ताणलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाळी कात्रीने कापली जाते, हाताने वळते. कडा बोटभर जादा ठेवून दुमडायच्या, काळा रंग द्यायचा आणि आतून प्लास्टिकच्या टायने आवळायचे. भोके फार बारीक घेतली तर हवाच अडते. स्टेनलेस स्टील अधिक दणकट खरे. मात्र हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत त्याला टेकलेले ॲल्युमिनियम लवकर गंजते.