कर्करोगात जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात का?

कर्करोगाचे निदान झाले की घरी सल्ल्यांची रीघ लागते. 'अशक्तपणासाठी मल्टिव्हिटॅमिन सुरू करा', 'क जीवनसत्त्वाने गाठ विरघळते' असे कुणी ना कुणी सांगतेच. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळीने काय बिघडणार, असे वाटून ती सुरू होते आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचे राहून जाते.

क जीवनसत्त्वाबद्दलची आशा जुनी आहे. दोनदा नोबेल मिळवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांनी १९७६ मध्ये एक निष्कर्ष मांडला. अखेरच्या टप्प्यातील १०० रुग्णांना रोज सुमारे १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिले आणि ते इतरांपेक्षा जास्त जगले, असा तो निष्कर्ष होता. पण तुलना जुन्या नोंदींतील १००० रुग्णांशी केलेली होती. दोन्ही गटांतील रुग्णांची अवस्था सारखीच होती याची खात्री नव्हती. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकने रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला तोंडावाटे क जीवनसत्त्व आणि दुसऱ्याला औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली. १९७९ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही चाचण्यांत फायदा आढळला नाही. शिरेतून दिल्यास या जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते, म्हणून त्यावर संशोधन सुरू आहे. मात्र तो अजून सर्वमान्य उपचार नाही. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांत अशा मोठ्या मात्रेने लाल रक्तपेशी फुटू शकतात.

जीवनसत्त्वे निरोगी पेशींना लागतात, तशी कर्करोगाच्या पेशींनाही लागतात. १९४० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडशी संबंधित संयुगे दिली, तेव्हा रोग बळावताना दिसला. मग त्यांनी उलट वाट धरली. फोलिक ॲसिडचे काम रोखणारे ॲमिनोप्टेरिन हे औषध त्यांना भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून मिळाले. १९४८ च्या अहवालानुसार १६ पैकी १० मुलांत काही काळ सुधारणा झाली. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला.

उपचार चालू असताना आणखी एक शंका असते. किरणोपचार आणि काही केमोथेरपी औषधे पेशींत ऑक्सिडेशनची इजा करून त्या मारतात. अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा ही इजा थोपवतात आणि कर्करोगाच्या पेशीही वाचवू शकतात. म्हणून उपचारांच्या काळात अशा गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, असे बहुतेक कर्करोगतज्ज्ञ सांगतात.

याचा अर्थ जीवनसत्त्वे निरुपयोगी आहेत असा नाही. पेमेट्रेक्सेड हे औषध देताना दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून फोलिक ॲसिड आणि बी-१२ देतातच. पूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शने लागतात. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात, ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन हे उपचाराचा कणाच आहे. या सर्व ठिकाणी कारण ठरलेले असते, मात्रा आणि वेळही ठरलेली असते.

पेरू, लिंबू, पालेभाजी, डाळी बंद करण्याचे कारण नाही. जेवणातून मिळणारे प्रमाण आणि गोळ्यांतून मिळणारे मोठे डोस यांत बराच फरक असतो. पुढच्या तपासणीला जाताना घरात चालू असलेली प्रत्येक स्ट्रिप, पावडरचा डबा, काढ्याची बाटली पिशवीत घालून न्यावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी. रागावतील म्हणून लपवू नये. काय चालू ठेवायचे, काय थांबवायचे आणि कधीपर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.