डॅन बोंजिनो
डॅन बोंजिनो (जन्म: ४ डिसेंबर १९७४) हे अमेरिकेतील पुराणमतवादी राजकीय भाष्यकार आहेत. १९९५ ते १९९९ या काळात ते न्यू यॉर्क पोलीस दलात होते. पुढे सीक्रेट सर्व्हिसमध्ये त्यांनी जॉर्ज बुश (धाकटे) व बराक ओबामा या राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा पथकांत काम केले. २०११ मध्ये नोकरी सोडून ते रिपब्लिकन पक्षाच्या राजकारणात उतरले. मात्र २०१२, २०१४ व २०१६ अशा तिन्ही निवडणुकांत पराभूत झाले. नाव झाले ते पॉडकास्ट, नभोवाणी व फॉक्स न्यूजमुळे. गणवेशातील अनुभव हाच त्यांच्या भाष्याचा मुख्य आधार राहिला. कोविडविषयक नियमभंगावरून झालेले निलंबन चुकवण्याचा प्रयत्न केल्याने यूट्यूबने २०२२ मध्ये त्यांच्यावर कायमची बंदी घातली. एफबीआयवर ते वर्षानुवर्षे कडाडून टीका करीत. २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या उपसंचालकपदी त्यांची नेमणूक झाली.