हाडे पोखरणाऱ्या पेशी

कोंबडीचे स्वच्छ केलेले हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर ते रबरासारखे वाकते. आम्लाने हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तेवढे उरतात. वर्गात सहज करता येणारा हा प्रयोग आपल्या हाडांतही सूक्ष्म प्रमाणात सतत चालू असतो. तो करणाऱ्या पेशींना अस्थिभंजक पेशी म्हणतात.

मोनोसाइट कुळातील पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेली ही मोठी पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून क्षार विरघळवते आणि कॅथेप्सिन-के या विकराने कोलॅजेनही पचवते. पडलेला खड्डा अस्थिजनक पेशी नव्या हाडाने भरतात. प्रौढ सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. मात्र खड्डा काही आठवड्यांत पडतो, तर भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणूनच पोखरणाऱ्या पेशींना लगाम हवा.

स्त्रियांमध्ये हा लगाम मुख्यतः बीजांडकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनचा असतो. ते आटले की अस्थिभंजक पेशी अधिक संख्येने तयार होतात व अधिक काळ जगतात. मणके, मनगट आणि खुबा यांतील हाड विरळ होऊ लागते. पाळी थांबणे आणि हाडे विरळ होणे यांचा संबंध अमेरिकेतील डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिला.

आता बीड जिल्ह्याकडे पाहू. येथील ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या तक्रारींवर 'पिशवी काढणे' हाच उपाय अनेकींना सांगितला गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

गर्भाशय स्वतः हाडांचे रक्षण करत नाही. ते काम बीजांडकोशांचे. ते शाबूत असतील तर इस्ट्रोजेन मिळत राहते, जरी असे बीजांडकोश काहींमध्ये लवकर थकतात. दोन्ही काढले, तर पंचेचाळीस-पन्नाशीत येणारी रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची झीज कित्येक वर्षे आधी सुरू होते. मोळी वाहून कंबर दुखते हे खरे. पण हाड विरळ होताना दुखत नाही. ते बहुधा मोडल्यावरच कळते.

याच पेशी सांध्यांतही नुकसान करतात. आमवातात सांध्याचे अस्तर सुजते. त्यातून सुटणारे संदेश अस्थिभंजक पेशींना चेतवतात आणि सांध्याच्या कडेचे हाड कुरतडले जाते. तेथे कारण सूज आहे, येथे इस्ट्रोजेनचा अभाव. कुरतडणाऱ्या पेशी त्याच.

झीज रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. कमी वयात बीजांडकोश गेले असतील, तर इस्ट्रोजेन द्यावे का, हेही डॉक्टर ठरवू शकतात. त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: शस्त्रक्रियेत बीजांडकोश काढले की ठेवले? दवाखान्याच्या कागदावर ते लिहिलेले असते. पालकसभेला येणाऱ्या मातांना तो कागद जपून ठेवायला आणि डॉक्टरांना दाखवायला शिक्षिकेने सांगितले, तर या प्रयोगाचा खरा उपयोग झाला, असे आपण म्हणू.