शेपट्या न टाकणारं शेवाळ

पावसाळ्यात पनवेलजवळच्या करंजाडेच्या मोकळ्या प्लॉटवर पाणी साचतं, आणि चार दिवस ऊन पडलं की त्यावर हिरवी झाक चढते. अशाच डबक्यांत आणि ओल्या मातीत राहणाऱ्या हिरव्या शेवाळांच्या गोतावळ्यातलं एक म्हणजे क्लॅमिडोमोनास. एकच पेशी, पुढे पोहण्यासाठी दोन कशाभिका, म्हणजे बारीक शेपट्या. प्रत्येकीची लांबी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग.

पाण्यात थोडं ॲसेटिक आम्ल टाकलं की ही पेशी दोन्ही कशाभिका बुडाशी, ठरलेल्या जागी तोडून टाकते. पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि तिथल्या सूक्ष्मनलिकांच्या नऊच्या नऊ जोड्या तुटतात. आम्ल उदासीन केलं की दीड-दोन तासांत नव्या कशाभिका उगवतात.

१९८३ साली राल्फ लेविन आणि बुरास्कानो यांनी काही केल्या कशाभिका न टाकणारा वाण नोंदवला. पुढे लिन क्वार्म्बी यांच्या गटाने असे आणखी वाण शोधून त्यांची विभागणी केली. काही फक्त आम्लाला दाद देत नाहीत; पेशीचं आवरण सच्छिद्र करून थेट कॅल्शियम दिलं की तोडतात. म्हणजे बिघाड निरोप पोहोचण्यात. काही तेव्हाही तोडत नाहीत; त्यांचा बिघाड तोडण्याच्या यंत्रणेतच.

बिघडलेलं जनुक कुठे आहे, हे शोधण्याची रीत मला फार देखणी वाटते. नायट्रोजनचा पुरवठा बंद केला की पेशी जोडीदार शोधतात. एक न तोडणारी आणि एक साधी, अशा दोन पेशींच्या मिलनातून झालेला युग्मज पुढे फुटतो आणि चार पेशी बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने त्या अगारवर वेगळ्या मांडायच्या, वाढवायच्या, मग प्रत्येकीला आम्ल द्यायचं. दरवेळी दोन तोडणाऱ्या, दोन न तोडणाऱ्या निघाल्या, तर दोष एकाच जनुकात. गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे दोष झाकलाही जात नाही. मग जागा माहीत असलेल्या दुसऱ्या जनुकाशी संकर करायचा. दोन्ही गुण वारंवार एकत्रच उतरले, तर ती जनुकं शेजारी.

या वाटेने सापडलेलं एफए-२ हे जनुक नेक घराण्यातल्या किनेझ या विकराचं निघालं. उंदरात याच घराण्यातली नेक-१ आणि नेक-८ ही जनुकं बिघडली की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. शेवाळाच्या शेपटीचं काम रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलं ते असं.

मुंबईत कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात जॅसिंटा डिसोझा यांनी याच शेवाळाच्या कशाभिकांवर काम केलं आहे. पनवेलच्या महाविद्यालयांतही हे शेवाळ यायला हवं. उजेड, अगार, आम्लाची बाटली आणि बरा सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर कशाभिका तुटताना आणि परत वाढताना मुलांना एका दुपारी पाहता येतील.